उद्यानविद्येच्या पदवीला प्रवेश घेतलाय? या चुका टाळा

‘ॲग्रीला नंबर लागला नाही, म्हणून हॉर्टी घेतलं,’ असं म्हणत खेड्यापाड्यातली कितीतरी पोरं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात येतात. पहिली चूक इथंच होते. बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या ही चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पूर्ण पदवी आहे. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाच्या परीक्षेलाही ती चालते. पण मनात खंत धरून पहिलं वर्ष काढलं की बॅक राहतात आणि पुढची दोन सेमिस्टर ते निस्तरण्यात जातात. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या घरातून आलेल्यांनी तर ही खंत मुळीच धरू नये. तुमच्या वावरातच संत्र्याची प्रयोगशाळा आहे.

प्रॅक्टिकल बुडवणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. विषयापुढे ३ (२+१) असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोन क्रेडिट थिअरीचे आणि एक प्रॅक्टिकलचा. प्रॅक्टिकलच्या त्या एका क्रेडिटसाठी आठवड्यातले दोन तास असतात. ‘एकच तर क्रेडिट आहे’ म्हणून मित्राचं जर्नल उतरवलं की मार्क मिळतात, हात मात्र कोराच राहतो.

डोळा भरणं, म्हणजे खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून कलम करणं, हे वाचून येत नाही. जंभेरीचा (ज्या लिंबावर संत्र्याचं कलम करतात त्याचा) खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की टी आकाराचा काप घ्यायचा, साल अलगद सोडवायची, डोळा उलटा न होता आत सरकवायचा आणि पट्टी घट्ट बांधायची. साल सुटत नसेल तर खुंटात रस नाही, त्या दिवशी जबरदस्ती करू नका. डोळा जमिनीपासून वीतभर उंच का भरायचा, हेही तिथंच विचारून घ्या. लागवडीत कलमाचा जोड मातीत गाडला गेला की संत्र्याच्या खोडाच्या सालीला बुरशी लागते आणि पुढं डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) दिसतो. हिवाळ्यात घरी आलात की थोड्या जंभेरीच्या रोपांवर रोज हात बसवा.

बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणाचंही तसंच. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे पाठ सगळ्यांचं असतं. पण लोखंडी भांडं वापरायचं नाही, मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतायची, हे केल्याशिवाय लक्षात राहत नाही. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवा.

पान पिवळं दिसलं की औषधाचं नाव सांगणं

शेवटच्या वर्षी उद्यानदूत, उद्यानकन्या म्हणून शेतकऱ्यांसोबत काम करायला गावात जाल, तेव्हा बागाईतदार हमखास पिवळं पान पुढं धरतील. लगेच ‘झिंक मारा’ म्हणू नका. आधी पाहा, पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की कोवळ्या? जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर नत्राची कमतरता असू शकते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर जस्त (झिंक) किंवा लोह कमी असू शकतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही दोन्ही झाडाला सहज मिळत नाहीत. पण पूर्ण फांदी निस्तेज दिसत असेल तर बुंध्याजवळ उकरून मुळी पाहा. भारी जमिनीत पाणी साचून मुळ्या कुजल्या असतील, तर पानावर कितीही फवारलं तरी पैसे वाया.

फळगळीतही हीच सवय ठेवा. खाली पडलेलं फळ उचला आणि दाबा. सुईएवढ्या छिद्रातून रस आला तर तो रस शोषणाऱ्या पतंगाचा मार आहे. देठाजवळून काळं पडत आलं असेल तर बुरशीचा संशय घ्या. न पाहता दिलेल्या सल्ल्यावर शेतकरी उधारीत औषध आणतो. त्याचा पैसा आहे हा, एवढं भान ठेवलंच पाहिजे. समजलं नाही तर ‘उद्या विचारून सांगतो’ म्हणा आणि पान, मुळी, माती घेऊन सरांकडं जा. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, कृषी विज्ञान केंद्रंही जवळपास आहेत.

घरच्या माणसांना शिकवायला निघणं

पहिल्या वर्षीच बापाला ‘तुमचं सगळं चुकतं’ म्हणणारे पुष्कळ. आंबिया बहारासाठी (उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फुलांसाठी) ताण देताना, म्हणजे पाणी तोडताना, हलक्या जमिनीतलं झाड लवकर ताणावर येतं, भारी जमिनीतलं उशिरा. हे पुस्तकात आहेच, पण आपल्या वावरातल्या कोणत्या धुऱ्याकडची (बांधाकडची) झाडं आधी मलूल होतात, हे बापालाच माहीत असतं. ते विचारा, लिहून ठेवा, मग पुस्तक उघडा.

इंग्रजीला घाबरून गप्प बसणं

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सेमिस्टर जड जातं. पाठ करून लिहिलेलं उत्तर तोंडी परीक्षेत उघडं पडतं. झाडाची, किडीची, रोगाची शास्त्रीय नावं वर्गातून आल्या दिवशीच वहीत लिहा, आणि शंका मराठीत विचारायला लाजू नका. सर बहुतेक आपल्याच भागातले असतात.