एआय एजंटला ऑर्डर टाकायला देताय? आधी टूलचं वर्णन नीट लिहा

हापूसचंच उदाहरण घेतो, कारण मी पहिल्यांदा तिथेच अडकलो. गिऱ्हाईकाने चॅटवर लिहिलं "पाच द्या, परवा पोचले पाहिजेत" आणि एजंटने (म्हणजे ग्राहकाशी चॅट करून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमने) सरळ पाच पेट्यांची ऑर्डर टाकली, माणसाला हवे होते पाच डझन. एजंटमागच्या एआय मॉडेलला दोष देऊन उपयोग नाही, आमच्या टूलच्या (एजंट जे फंक्शन वापरून ऑर्डर टाकतो त्याच्या) वर्णनात लिहिलेलं एवढंच की "ऑर्डर तयार करते", फील्डचं नाव क्वांटिटी, टाइप इंटीजर, म्हणजे पूर्ण संख्या. पाच कशाचे ते कुठेच नाही.

एजंट तुमचा कोड वाचत नाही हो. फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल वापरायला मागायची पद्धत) असो नाहीतर एमसीपी (एजंटला टूलं जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला प्रोटोकॉल), त्याला टूलबद्दल दिसतं ते मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कुठल्या फील्डमध्ये काय भरायचं त्याचा साचा. दुकानात नवीन मुलगा ठेवला तर चार दिवस आपल्याला बघून तो शिकतो, इथे ते चार दिवस नाहीत, जे सांगायचं ते वर्णनातच सांगायला लागतं.

सगळ्यात आधी युनिट. आंब्याची पेटी फळाच्या साइजप्रमाणे चार डझनाची असते, पाचची असते, सहाची पण असते, आणि लोक दीड डझन अडीच डझन पण मागतात जे इंटीजरमध्ये बसतच नाही. म्हणून आम्ही शेवटी नगावर आलो. फील्डचं नावच "एकूण नग" केलं आणि वर्णनात लिहिलं की दीड डझन म्हणजे १८, अडीच म्हणजे ३०, ग्राहक नुसतं पेटी म्हणाला तर किती डझनाची ते आधी विचारा, अंदाज करू नका. स्कीमात मिनिमम १२, मॅक्सिमम २४० आणि मल्टिपल-ऑफ ६, म्हणजे सहाच्या पटीतच. सर्व्हरवर पण हेच चेक ठेवा, कारण स्कीमा पाळला जाईलच याची प्रत्येक ठिकाणी खात्री नसते.

पैशाचं पण तसंच, रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते, म्हणजे १,५०० रुपयांसाठी १,५०,००० पाठवायचे. माझं स्पष्ट मत आहे की एजंटला रक्कम भरायलाच देऊ नका, भाव सर्व्हरने काढावा.

तारीख हा तर वेगळाच विषय. आपला "परवा" मागेही जातो आणि पुढेही, ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे ते कोण ठरवणार, आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते. म्हणून आजची तारीख भारतीय वेळेनुसार एजंटला आधीच द्या, फॉरमॅट वर्ष-महिना-दिवस ठेवा आणि वर्णनात एक उदाहरण द्या.

टूल कधी वापरायचं नाही हेही लिहा, हे बहुतेक जण विसरतात. "हापूस आलाय का?" ही चौकशी आहे. "बघतो, घेईन" हा होकार नाही. "माझी पेटी कुठवर आली?" याला स्टेटसचं टूल आहे, त्याचं नाव लिहा. आणि ऑर्डर एका दमात होऊच देऊ नका, पहिलं टूल फक्त कोटेशन देईल, त्यात नग, एकूण रुपये, पत्ता, तारीख आणि एक कोटेशन नंबर, ग्राहकाने ते बघून हो म्हटल्यावर दुसरं टूल तो नंबर घेऊन ऑर्डर पक्की करेल. त्याच नंबरने परत कॉल आला तर नवीन ऑर्डर न करता जुनीच परत द्या, कारण नेटवर्क टाइमआउट झाला की एजंट पुन्हा प्रयत्न करतो आणि एका घरी दोन पार्सलं जातात.

एरर मेसेज पण डॉक्युमेंटेशनच आहे. नुसतं "४०० बॅड रिक्वेस्ट" (म्हणजे पाठवलेलं काहीतरी चुकलंय, एवढंच) आलं की एजंट काहीतरी बदलून बघत बसतो. त्याऐवजी "या पिनकोडला रविवारी डिलिव्हरी नाही, जवळची तारीख १२ मे, ग्राहकाला विचारा आणि नवीन कोटेशन घ्या, आपणहून तारीख बदलू नका" असं पूर्ण वाक्य द्या.

मग टेस्ट. व्हॉट्सॲपवर लोकांनी खरंच टाइप केलेली तीसेक वाक्यं काढा, नावं नंबर खोडून, आणि प्रत्येक वाक्य नव्या चॅटमध्ये चालवा. ऑर्डर झाली का एवढंच बघू नका, टूलला कुठली व्हॅल्यू गेली ते लॉगमध्ये बघा. एक ओळ बदलली तरी सगळी वाक्यं परत चालवायची, कंटाळा करायचा नाही. पेटीबद्दल विचारा असं आम्ही लिहिलं तर एजंट "पाच डझनाची पेटी" असं स्वच्छ सांगणाऱ्यालाही किती डझनाची म्हणून विचारायला लागला, मग त्या वाक्यात "संख्या आधीच सांगितली असेल तर विचारू नका" हे जोडावं लागलं.