प्रोस्टेट कॅन्सरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट कोडात उतरवताना

जत-आटपाडीकडचा रुग्ण मिरजेला येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा दोन-तीन लॅबचे रिपोर्ट असतात. एकात ‘ग्लीसन 7’, दुसऱ्यात ‘4+3’, तिसऱ्यात नुसतं ‘ग्रेड ग्रुप 3’. ग्लीसन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कॅन्सरच्या रचनेला (पॅटर्नला) दिलेल्या दोन आकड्यांची बेरीज, आणि ग्रेड ग्रुप म्हणजे त्यावरून पाडलेले 1 ते 5 गट. हे एका तक्त्यात आणताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: नुसती बेरीज कधीही भरू नका. 3+4 म्हणजे ग्रेड ग्रुप 2 आणि 4+3 म्हणजे 3. बेरीज दोन्हीकडे 7 असली तरी आजाराचा जोर वेगळा, आणि उपचाराचा निर्णयही त्यावरच फिरतो. म्हणून पहिला पॅटर्न, दुसरा पॅटर्न, बेरीज आणि ग्रेड ग्रुप असे चार रकाने ठेवा. 3+3 ला ग्रुप 1, बेरीज 8 ला 4, 9 आणि 10 ला 5. रिपोर्टात फक्त 7 असेल तर पॅटर्नच्या रकान्यांत ‘नमूद नाही’ लिहा आणि लॅबला फोन करा. अंदाजाने 3+4 टाकू नका.

नमुना कशाचा आहे, हे त्याआधी बघा, कारण नियम तिथे बदलतो. समजा पॅटर्न 3 भरपूर, 4 थोडा आणि 5 जेमतेम 3 टक्के आहे. सुईच्या बायोप्सीत सर्वांत जास्त असलेला आणि सर्वांत वरच्या आकड्याचा पॅटर्न धरतात, म्हणून 3+5=8, ग्रुप 4. पूर्ण ग्रंथी काढली असेल तर तोच ट्यूमर 3+4, ग्रुप 2. पॅटर्न 5 ची नोंद वेगळी. हा हिशेब पॅथॉलॉजिस्टने करायचा. आपण फक्त विसंगती दिसली की विचारायचं.

आयसीडी-ओ (कॅन्सरची जागा आणि प्रकार यांची आंतरराष्ट्रीय कोडयादी) मध्ये जागेचा कोड सी61.9. नेहमीच्या, ग्रंथीपेशींच्या असिनार अ‍ॅडिनोकार्सिनोमाला 8140/3. इथे हमखास चूक होते: ‘असिनार’ शब्द शोधला की 8550/3 समोर येतो, प्रोस्टेटला तो लावू नका. डक्टल (नलिकांच्या) प्रकाराला 8500/3, स्मॉल सेल (लहान पेशींच्या) प्रकाराला 8041/3. तिरप्या रेघेनंतरचा 3 म्हणजे मॅलिग्नंट, मूळ जागेचा कॅन्सर.

कोअर (सुईने काढलेल्या बारीक पट्ट्या) ‘12 पैकी 4’ मध्ये कॅन्सर, असे दोन आकड्यांत भरा, लांबी मिलिमीटरमध्ये. कोअर तुटून तुकडे झाले असतील तर तुकडे मोजून संख्या फुगवू नका; डबीवरचं लेबल बघा.

बायोप्सीवरून पीटी (काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीवरून ठरणारी गाठीची स्टेज) भरत नाहीत. टी1सी (हाताला न लागणारी, सुईच्या बायोप्सीत सापडलेली गाठ) ही क्लिनिकल स्टेज आहे आणि पीटी1 प्रोस्टेटला नाहीच. एजेसीसी या अमेरिकी समितीच्या स्टेजिंग नियमांच्या आठव्या आवृत्तीपासून पीटी2 (गाठ ग्रंथीतच) चे ए-बी-सी भागही गेले. ग्रंथीबाहेर पसरला असेल तर पीटी3ए, सेमिनल व्हेसिकलमध्ये (वीर्यपिशवीत) गेला असेल तर पीटी3बी. मार्जिन पॉझिटिव्ह दिसली म्हणून लगेच 3ए करू नका. गाठ ग्रंथीतच असून कापलेल्या कडेला लागलेली असू शकते. तेव्हा स्टेज पीटी2 च राहते, मार्जिनचा रकाना वेगळा.

लिम्फ नोड तपासलेच नसतील तर पीएनएक्स (नोडची स्थिती माहीत नाही). पीएन0 भरलं की पुढचा डॉक्टर समजतो, नोड तपासून साफ निघाले.