एकच मूत्रपिंड दिसलं, तर गर्भाशयही बघा

मुलीच्या सोनोग्राफीत एका बाजूचं मूत्रपिंड जागेवर दिसलं नाही, की मी आधी ते ओटीपोटात राहिलंय का शोधते आणि मग गर्भाशय तपासते. गर्भात मूत्रमार्ग आणि प्रजननमार्ग शेजारीशेजारी घडतात, त्यामुळे एकात दोष असला की दुसऱ्याचीही चौकशी हवीच. नवजात मुलीत आईच्या संप्रेरकांमुळे गर्भाशय ठळक दिसतं. ती संधी सोडू नका.

वयात आल्यावर पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात तपासा, तेव्हा जाड अस्तरामुळे पोकळीचा आकार स्पष्ट उमटतो. थ्रीडी सोनोग्राफीत कोरोनल छेद (समोरून पाहिल्यासारखा उभा छेद) काढा आणि नजर गर्भाशयाच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेवर ठेवा. पोकळी दुभागलेली पण कड सपाट किंवा फुगीर असेल, तर आत पडदा. कडेवरची खाच 1 सेंटीमीटरपेक्षा खोल असेल, तर द्विशृंगी, म्हणजे दोन शिंगांसारखं दुभंगलेलं गर्भाशय. इथे घाई नको. पडदा दुर्बिणीतून कापता येतो, पण द्विशृंगी गर्भाशयात तसंच कापलं तर आरपार भोक पडू शकतं. एचएसजीत (गर्भाशयात औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत) फक्त पोकळी दिसते, त्यावरून हा फरक ठरवू नका.

एमआरआयमध्ये टी-टू चित्रं (ज्यांत द्रव उजळ दिसतो) गर्भाशयाच्या अक्षाला धरून घ्या, सोबत मूत्रपिंडांपर्यंत पोचणारी एक कोरोनल मालिका जोडा. पाळी नियमित असूनही दर महिन्याला वाढत जाणारी वेदना मुलगी सांगत असेल, तर तिचं ऐका: मूत्रपिंड नसलेल्या बाजूला रक्ताने भरलेला, बंद अर्धा योनिमार्ग शोधा. दुसऱ्या, उघड्या अर्ध्यातून येणाऱ्या नियमित पाळीमुळेच हे निदान वर्षानुवर्षं हुकतं.

मुलग्यांत मूत्रपिंड नसलेल्या बाजूच्या शुक्राशयात (वीर्यातला द्रव बनवणाऱ्या पिशवीत) पाण्याची गाठ आहे का, पाहा.