जुनी जर्मन शिकारी बंदूक ओळखताना या चुका टाळा

जुनी जर्मन दुनळी किंवा तिनळी हातात आली की पहिली नजर नळीवरच्या अक्षरांवर जाते. तिथे 'क्रुप' दिसलं की अनेक जण बंदूक क्रुपची ठरवून टाकतात. एसेनच्या क्रुपने दिलं ते नळीचं पोलाद. बंदूक घडवणारे हात वेगळे. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नक्षीदार अक्षरांत कोरलेल्या नावावरही लगेच भिस्त ठेवू नका, ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानदाराचं असतं. माल मात्र थुरिंगिया प्रांतातल्या सूल या बंदुका घडवणाऱ्या गावचा.

खरी कुंडली नळ्यांच्या पोटाशी असते. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळ्या सुट्या करा आणि खालचा सपाट भाग उजेडात तिरपा धरून बघा. मुकुटाखाली एकेक अक्षर दिसेल: यू म्हणजे तपासणी झाली, जी म्हणजे आटे पाडलेली नळी, एस म्हणजे छर्ऱ्याची. १८९१ च्या कायद्याने सक्तीच्या केलेल्या, बंदुकीच्या मजबुतीच्या चाचणीचे हे ठप्पे १ एप्रिल १८९३ पासून बसू लागले. मुकुटाखाली व्ही असेल तर बंदूक त्याआधीच तयार होऊन पडून होती.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. मुकुट आहे म्हणजे कैसरच्या, जर्मन सम्राटाच्या, काळातली, १९१८ पूर्वीची, असं छातीठोक सांगितलं जातं. कैसर गेला, पण ठप्प्यावरचा मुकुट राहिला. १९४० मध्ये त्याच्या जागी गरुडाचा ठप्पा येईपर्यंत तो चालूच होता! म्हणून मुकुटाशेजारचे बारीक आकडे शोधा. '४ २८' म्हणजे एप्रिल १९२८. '१०८/४९' मात्र तारीख नव्हे, ते नळीच्या आतल्या व्यासाचं जुनं माप. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी त्याची जागा मिलिमीटरने घेतली. 'त्सेला-मेहलिस' असं जोडनाव असेल तर बंदूक १९१९ नंतरची, कारण ही दोन गावं तेव्हा एक झाली.

ठप्पे दिसत नाहीत म्हणून पॉलिश पेपर मारू नका, कृपा करून. एकदा घासलेला ठप्पा परत येत नाही. थोडं तेल आणि मऊ कापड पुरे.

आणि ओळख पटली म्हणून बार काढू नका. जुन्या सोळा बोअरच्या (बोअर म्हणजे छर्ऱ्याच्या नळीच्या रुंदीचं माप) बंदुकीचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं, आजचं काडतूस ७० चं. '८×५७' या रायफलच्या काडतुसातही दोन जाडीच्या गोळ्या आहेत. जुन्या, अरुंद नळीत जाड गोळी झाडली तर दाब धोक्याचा होतो. जाणत्या बंदूकसाजाने घर आणि नळी मोजल्याशिवाय काडतूस भरूच नये.