जाहिरातीचं माध्यम निवडताना या चुका टाळा

समजा, इचलकरंजीजवळ तुमचा कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना आहे. माल कोल्हापूर, सांगली, कराडच्या दुकानांत जातो. जाहिरातीसाठी वर्षाला तीन लाख बाजूला काढलेत. ही बातमी फुटली की दारात रांग लागते: पेपरवाला, एफएमवाला, होर्डिंगवाला आणि ‘डिजिटल मी बघतो’ म्हणणारा भाचा. पुढच्या चुका बहुतेक इथूनच सुरू होतात.

मालकाला दिसतं तिथे जाहिरात लावणं

हायवेवरचं होर्डिंग मालकाला रोज कारखान्यात जाता-येता दिसतं, पाहुणेही ‘बघितलं हं’ म्हणतात. पण त्या रस्त्याने मसाला विकत घेणारं कोण जातं? वेळेचंही तसंच. या भागात मार्च ते मे हे वर्षाची चटणी, म्हणजे घरचा कांदा-लसूण मसाला, करायचे दिवस. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी, मग डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कांडप. एप्रिलमध्ये ज्या घरात बरणी भरली, ते घर मे महिन्यात तयार पाकिटाकडे ढुंकूनही बघत नाही. तरी ‘सीझन आहे’ म्हणून निम्मं बजेट उन्हाळ्यातच उडवलं जातं.

तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. खोली घेऊन राहणारी पोरं, एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणारी जोडपी, पुण्या-मुंबईहून सुट्टीला गावी येणारे इकडचे लोक, आणि दिवाळीच्या आसपास बरणीचा तळ दिसू लागलेली घरं. आधी ही यादी करा. माध्यम नंतर.

पेपरचा एकूण खप बघून भुलणं

पेपरातली जागा चौरस सेंटिमीटरवर विकली जाते आणि दर आवृत्तीगणिक बदलतो. सगळ्या महाराष्ट्राचा खप सांगून कोणी गळ घालत असेल, तर कोल्हापूर-सांगली आवृत्तीचा आकडा मागा. एबीसीचं (ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स) प्रमाणपत्र आहे का विचारा. ही संस्था १९४८ पासून खप तपासते. ‘वाचक’ आणि ‘खप’ हे दोन आकडे वेगळे. एका अंकामागे चार-पाच वाचक धरून फुगवलेला आकडा पुढे केला जातो. रेटकार्डवरचा दर हा बोलणीचा आरंभ असतो, शेवट नव्हे. एजन्सीला पेपरकडून साधारण १५ टक्के कमिशन मिळतं, त्यामुळे ‘सल्ला फुकट’ म्हणणारा माणूस कुठला पेपर सुचवतोय आणि का, हेही बघावं.

पत्रकं पेपरात घालून वाटणार असाल, तर एखाद्या पहाटे पेपर वाटले जातात त्या डेपोवर स्वतः जा. मोजून दिलेले गठ्ठे कुठल्या लाइनला गेले आणि किती कोपऱ्यात पडून राहिले, ते तिथेच कळतं.

एफएमवर थोडंसं करून बघणं

रेडिओचा दर दहा सेकंदांवर ठरतो. आठवड्यात चारदा वाजलेला स्पॉट, म्हणजे छोटी जाहिरात, कोणाच्या लक्षात राहत नाही. दिवसाला सात-आठ स्पॉट काही आठवडे परवडत नसतील, तर एफएमला हात लावू नये, असं माझं मत. ‘बोनस’ म्हणून मिळालेले स्पॉट अनेकदा रात्री उशिरा वाजतात. स्पॉट कधी वाजले त्याची नोंद (लॉग) मागूनच बिलाचे पैसे द्या.

‘बूस्ट’चं बटण दाबून मोकळं होणं

भाच्याने फेसबुकवर पोस्ट बूस्ट केली, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवली, हजारभर लाइक आले, विक्री जागची हलली नाही. उद्दिष्ट ‘एंगेजमेंट’ ठेवलं की लाइक करणारे लोकच शोधले जातात. ठिकाण ‘महाराष्ट्र’ ठेवलं असेल, तर पैसा जिथे तुमचं एकही पाकीट नाही तिथेही जातो. माल पोचतो ती गावं टाका आणि जाहिरातीतून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी येईल असं उद्दिष्ट निवडा. अर्थात तिथे उत्तर द्यायला माणूस हवा.

परवाना न बघता फलक घेणं

मे २०२४ मध्ये घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग परवानगीच्या मापापेक्षा कितीतरी मोठं होतं आणि १७ जीव गेले. महापालिकेची परवानगी कागदावर बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. बेकायदा फलक उतरवला गेला, तर तुमचे पैसे अडकतात आणि नावही खराब होतं.

दुकानात माल नसताना जाहिरात सोडणं

सगळ्यांत महागडी चूक हीच. बाई जाहिरात बघून दुकानात जाते, तुमचं नाव घेते. दुकानदार म्हणतो, ‘ते नाही हो, हे घेऊन जावा, ह्येबी चांगलं हाय.’ जाहिरातीचं बिल तुमचं, विक्री शेजारच्या कंपनीची. ज्या गावात निम्म्याहून जास्त किराणा दुकानांत पाकीट दिसत नाही, तिथे आधी सेल्समन पाठवा.

जाहिरात चालू आहे, पण विक्री हलत नाही?

प्रत्येक माध्यमात वेगळा मोबाइल नंबर द्या, म्हणजे चौकशी कुठून आली ते कळतं. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे शिरोळ तालुक्यात जाहिरात सोडायची आणि हातकणंगले कोरा ठेवायचा. दोन महिन्यांनी दोन्हीकडच्या डिस्ट्रिब्युटरची बिलं शेजारी-शेजारी लावा. मध्ये दिवाळी आली असेल, तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची बिलंही काढा.