दीर्घिका आणि तिचा शेजार: पहिला प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एमएस्सीला दीर्घिकांवर प्रोजेक्ट घेतला की महिना-दीड महिना पुस्तकं वाचण्यात जातो. वाचन हवंच, पण प्रोजेक्ट फसतो तो बहुधा नमुना निवडताना, म्हणून वेळ तिथे राखून ठेवा.

प्रश्न जुनाच घ्या: दाटीच्या ठिकाणी लाल दीर्घिका जास्त का? खगोलशास्त्रज्ञ ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ क्लस्टर (दीर्घिकांचे दाट समूह) तपासून दाखवलं, की घनता वाढते तसे सर्पिल घटतात आणि लंबवर्तुळाकार व एस-झीरो (तबकडी असलेल्या पण सर्पिल बाहू नसलेल्या), म्हणजे बहुधा लाल दीर्घिका, वाढतात. उत्तर ठाऊक असल्यामुळे आपली चूक लवकर सापडते.

डेटा स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचा. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. कॅसजॉब्स या त्याच्या डेटा शोधायच्या संकेतस्थळावर खातं उघडा, एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची जुजबी ओळख करून घ्या. मुख्य नमुन्याची मर्यादा आर-पट्ट्यात (लाल प्रकाशात) १७.७७ प्रत; प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी दीर्घिका मंद. ती पेट्रोसियन प्रतीवर लावायची, रंग मात्र मॉडेल प्रतींवरून काढायचा (तेज मोजायच्या या दोन पद्धती, दोन्ही डेटात तयार मिळतात). दोन्हींतून आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा परिणाम आधी वजा करायचा. झेडवॉर्निंग (रेडशिफ्टच्या मापात शंका असल्याची खूण) शून्य नसलेल्या नोंदी गाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दूरवरच्या फक्त तेजस्वी दीर्घिका दिसतात, त्यामुळे सरसकट आलेख काढला तर अंतराबरोबर विश्वच बदलतंय असं वाटतं. रेडशिफ्ट (प्रकाश लालकडे किती सरकला त्याचं माप, त्यावरून अंतर कळतं) ०.०५ पर्यंत जायचं तर निरपेक्ष प्रत (अंतराचा परिणाम काढून टाकलेलं खरं तेज) साधारण उणे १९ पेक्षा मंद असलेली प्रत्येक दीर्घिका काढून टाकावी लागते. नमुना निम्म्याहून कमी उरला तरी हळहळू नका. खालची सीमा ०.०२ ठेवा. त्याहून जवळ असलेल्या मोठ्या दीर्घिकेला सर्वेक्षणाचा संगणक अनेक तुकडे समजतो आणि वर्णपटासाठी प्रकाश गोळा करणारा ३ विकला रुंदीचा फायबर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जेमतेम गाभाच टिपतो.

घनतेसाठी पाचवा शेजारी शोधा: वेगातला फरक १००० किमी/सेकंदाच्या आत, आकाशातलं अंतर ड, घनता ५ भागिले (पाय (π) गुणिले ड वर्ग). थेट त्रिमितीय अंतर घेण्याचा मोह होतो. पण क्लस्टरमधल्या हजार किमी/सेकंदाच्या वेगाने रेडशिफ्टवरून काढलेलं अंतर १४ मेगापार्सेकपर्यंत (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) चुकतं, आणि दाट क्लस्टर तुमच्या दिशेने ताणलेल्या बोटासारखा दिसतो. सर्वेक्षणाच्या कडेची दीर्घिका, जिचा पाचवा शेजारी कडेपेक्षा लांब आहे, ती वगळा. शिवाय या नमुन्यात एका प्लेटवर (फायबर खोचायच्या भोकांच्या धातूच्या चकतीवर) दोन फायबर ५५ विकलांहून जवळ बसत नसत. म्हणजे वर्णपट हुकले ते नेमके दाटीतच.

रंगावरून आकार ठरवू नका. कडेवरून दिसणारा सर्पिल धुळीमुळे लाल भासतो. लहान अक्ष भागिले मोठा अक्ष ०.६ पेक्षा कमी असेल तर तो वेगळा ठेवा.

शेवटी वस्तुमान. जड दीर्घिका एकट्या असल्या तरी बहुधा लालच असतात आणि दाटीत जड दीर्घिका जास्त असतात. ताऱ्यांच्या वस्तुमानाचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यात तुलना केली नाही तर शेजाराच्या नावावर वस्तुमानाचा परिणाम खपतो. हे झाल्यावरच दाटीत दीर्घिकेतला वायू उडून जाण्याची चर्चा करा. त्यासाठी हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची निरीक्षणं लागतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा अर्काइव्हमधून मिळतो, पण तो शिकायला वेगळे काही महिने धरा.