इंजिनातील कूलंटची छुपी गळती कशी शोधावी

बाटलीतील कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी दर काही दिवसांनी खाली जाते, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नाही, अशी तक्रार केली की पुष्कळदा “वाफ होऊन जात असेल, वरून भरत राहा” असा सल्ला मिळतो. हा सल्ला महागात पडतो. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते, त्यामुळे वारंवार भर घालावी लागते याचा अर्थ कूलंट कुठेतरी बाहेर पडतेच आहे. ते दिसत नाही, कारण थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा इंजिनाच्या ब्लॉकवर पडून तिथेच सुकतो, नाहीतर तो गाडीबाहेर येतच नाही आणि सिलिंडरमध्ये, तेलात किंवा डॅशबोर्डमागे उतरतो. शिवाय प्रत्येक गळतीची आपली एक वेळ असते. सैल क्लिपखालचा होज पाइप इंजिन गार झाल्यावर, रबर आकसल्यावर पाझरतो; रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीतली बारीक चीर मात्र पूर्ण तापमान आणि दाब आल्याशिवाय उघडतच नाही. म्हणून गळती ज्या स्थितीत होते ती स्थिती मुद्दाम निर्माण करणे, हेच या शोधातले खरे काम आहे.

आधी गळती आहे याची खात्री करून घ्यावी. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, बाटलीवर मार्करने पातळीची खूण करावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढची प्रत्येक नोंद त्याच जागी आणि त्याच थंड अवस्थेत घ्यावी, कारण तापलेले कूलंट प्रसरण पावते आणि गरम इंजिनावर पाहिलेली पातळी फसवी असते. नुकतेच कूलंट बदलले असेल, तर आत अडकलेली हवा निघून जाईपर्यंत पातळी थोडी खाली येणे स्वाभाविक आहे. एसी चालू असताना पुढच्या सीटखालच्या भागातून ठिबकणारे स्वच्छ, वास नसलेले पाणी हे एसीचे असते. कूलंटला रंग असतो, ते बोटांना किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. चव घेऊन मात्र कधीही पाहू नये. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि जमिनीवर सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतते, म्हणून तेही लगेच धुऊन काढावे.

आपल्या गाडीत कोणत्या प्रकारची बाटली आहे, हेही समजून घ्यायला हवे. काही गाड्यांत बाटलीच दाबाखाली असते आणि दाबाचे झाकण तिच्यावर असते; काहींत ते झाकण थेट रेडिएटरवर असते आणि बाजूची बाटली बिनदाबाची असते. इंजिन तापले की जास्तीचे कूलंट बाटलीत जाते आणि गार होताना ते परत ओढले जाते. झाकणाचे रबर किंवा परत ओढणारी छोटी झडप खराब झाली, की बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी अवस्था येते. अशा गाडीत केवळ बाटली पाहून समाधान मानणे धोक्याचे आहे. पूर्ण गार इंजिनावर झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे ना, ते पाहावे. गरम इंजिनावर हे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

या झाकणाकडे सर्वात आधी लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल असलेले मिश्रण साध्या हवेच्या दाबाला सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते, पण एक बार जादा दाबाखाली ते १२५ अंशांच्या पुढेही टिकते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की हा दाब धरला जात नाही. खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना कूलंट उकळते, झाकणातून बाहेर फेकले जाते आणि वाऱ्याबरोबर उडून जाते. मग इंजिनात कुठेच गळती नसते आणि तरीही कूलंट कमी होत राहते. झाकण ही स्वस्त वस्तू आहे; शंका असेल तर त्याच दाबाचे नवे बसवून पुढचे निरीक्षण करावे.

यानंतर थंड इंजिनाची चांगल्या टॉर्चने तपासणी करावी. ओला थेंब शोधण्यापेक्षा सुकलेला डाग शोधणे अधिक फलदायी ठरते, कारण कूलंट वाळल्यावर पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खडबडीत थर मागे राहतो. रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दुमडून बसवलेली असते तो सांधा, होजची टोके, थर्मोस्टॅटचे घर, बाटलीचा मधला जोड आणि ब्लॉकमधली भोके बुजवणारे वाटीच्या आकाराचे वेल्च प्लग ही मुख्य ठिकाणे होत. काही ठिकाणी थेट नजर पोहोचत नाही. तिथे छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत सरकवावा. विजेचा पंखा इग्निशन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून त्याच्या जवळ हात घालताना बॅटरीची वायर काढलेली बरी.

वॉटर पंपाकडे, गॅरेजमधल्या भाषेत वॉटर बॉडीकडे, वेगळे लक्ष द्यावे लागते. पंपाच्या आत कूलंट अडवणारे सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये, पंपाच्या कवचाच्या खालच्या बाजूस, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. सील खराब झाले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडते. नव्या पंपातून सुरुवातीला किंचित ओल येऊ शकते, पण भोकाखाली रंगीत ओघळ जमलेला दिसला तर सील गेले, असे समजावे. अनेक इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) चालतो आणि प्लॅस्टिकच्या आवरणामागे लपलेला असतो, त्यामुळे पाझर आवरणाच्या खालच्या काठाशी, बऱ्याच अंतरावर, दिसतो आणि लोक चुकीच्या जागी सील बदलत बसतात. आवरणाचे वरचे स्क्रू काढून आत डोकावण्याचे कष्ट इथे वाचवू नयेत. कूलंटने भिजलेला टायमिंग बेल्ट पुन्हा वापरणेही योग्य नाही.

डोळ्यांना काही सापडले नाही, तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावावा. झाकणाच्या जागी त्याचा ॲडॅप्टर बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा. हा आकडा बहुतेक गाड्यांत ०.९ ते १.४ बारच्या दरम्यान असतो आणि त्यापलीकडे गेल्यास धड असलेला भागही फुटू शकतो. ही चाचणी पूर्ण गार इंजिनावरच करावी. कोमट इंजिन गार होत असताना आतले द्रव आकसते आणि गळती नसतानाही काटा खाली येतो. पंधरा-वीस मिनिटांत काटा हलला नाही, तर दाब तसाच ठेवून काही तास थांबावे, कारण हळू पाझरणारा सांधा घाईने सापडत नाही. काटा उतरला, तर आधी टेस्टरच्याच सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे. दाब असताना होज हलकेच वाकवून पाहिल्यास आतली चीर तोंड उघडते.

हीटर हा आपल्याकडे हमखास विसरला जाणारा भाग आहे, कारण महाराष्ट्राच्या बहुतांश भागांत तो वर्षातून क्वचितच लावला जातो. काही जुन्या गाड्यांत हीटरकडे जाणारे कूलंट झडपेने बंद होते, त्यामुळे हीटर बंद ठेवून केलेली चाचणी त्याच्या गळतीबद्दल काहीच सांगत नाही. इंजिन चालवून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, मग गार करून पुन्हा दाब द्यावा. पुढच्या सीटपुढचा गालिचा उचलून त्याखालचा फोम दाबून पाहावा. वरून कोरडा गालिचा खाली चिंब असू शकतो. काचेवर आतून चिकट धुके येणे आणि गोड वास हीसुद्धा याच गळतीची चिन्हे आहेत.

बाहेर कुठेच ओल नाही आणि तरीही दाब उतरतो, म्हणजे कूलंट इंजिनाच्या आत जात आहे. पेट्रोल इंजिनात दाब देऊन ठेवलेल्या अवस्थेनंतर स्पार्क प्लग काढून एंडोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) प्रत्येक सिलिंडर पाहावा. काजळी असलेल्या पिस्टनांमध्ये एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर गळती तिथेच आहे. मग इंधन आणि इग्निशन बंद करून, प्लग काढलेल्या अवस्थेतच थोडा स्टार्टर मारावा, म्हणजे आत साचलेले कूलंट प्लगच्या छिद्रांतून बाहेर उडते; त्या छिद्रांसमोर उभे राहू नये. सिलिंडरमध्ये कूलंट साचल्याचा संशय असताना प्लग बसवलेले ठेवून स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ब्लॉक टेस्टरचीही इथे मोठी मदत होते: बाटलीच्या तोंडाशी येणारी हवा त्यातल्या निळ्या द्रवातून ओढली जाते, आणि ज्वलनातला वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल इंजिनात तो द्रव पिवळा होतो. त्यापूर्वी पातळी थोडी कमी करावी, म्हणजे कूलंट टेस्टरमध्ये शिरत नाही.

ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा थर दिसला म्हणून लगेच इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, उतरवू नये. पावसाळ्यात केवळ छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हवेतल्या ओलाव्यानेही तो जमतो. डिपस्टिकवरचे तेलही तसेच असेल तरच काळजी करावी. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्टचा वायू कूलंटने गार करणारा भाग) फुटल्यावरही पांढरा धूर आणि घटती पातळी, अशी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याचीच लक्षणे दिसतात. अशा गाडीत हेड उघडण्याआधी कूलर सोडवून त्याची स्वतंत्र दाबचाचणी करून घेण्याचा आग्रह मालकाने धरावा, कारण दोन्ही कामांच्या खर्चात फार अंतर आहे.

इतके करूनही जागा सापडली नाही, तर कूलंटमध्ये चालणारा अतिनील रंग घालून काही दिवस नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि अंधारात अतिनील टॉर्चने पाहावे. फक्त चालत्या गाडीत, पूर्ण दाबाला होणारी गळती याच मार्गाने पकडली जाते. रेडिएटरमध्ये हळद किंवा गळतीरोधक पावडर टाकणे हा आडरानातून घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे. ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचते, आणि पुढच्या तपासणीत खरी जागाही झाकून टाकते.

दुरुस्तीनंतर कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्याबरोबर भरावे. बोअरवेलचे जड पाणी वापरू नये. आतली हवा काढून गार इंजिनावर पुन्हा तीच दाबचाचणी करावी, बाटलीवर नवी खूण करावी आणि पुढचे काही आठवडे सकाळी ती पाहत राहावी.